चित्रामागची ओळ

होहोए,
रविवार दुपार

प्रिय यायरा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू बुचकळ्यात पडशील. दोघींच्या हातात फोन असताना हिला कागद कुठून सुचला, असं म्हणशील. खरं सांगते, फोनवर चार वेळा लिहिलं. तीन वेळा पाठवायच्या आधीच पुसलं आणि चौथ्यांदा पाठवून, तू उघडायच्या आत काढून टाकलं. तेव्हा तू विचारलंस, काय गं, काय काढलंस? मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचं चुकून तुला गेलं होतं. कागदाचं तसं नाही. उद्या सकाळी स्टँडवर जाऊन हे पाकीट आपल्या गावाकडे निघालेल्या ट्रोट्रोच्या ड्रायव्हरच्या हातात देईन. गाडी चौकातून वळली की मग माझ्या हातात काहीच राहणार नाही. मला तेच हवंय.

सकाळी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर उभी होते, पण काय गायले ते विचारशील तर सांगता येणार नाही. घरी आल्यावर केकेलीने अक्पलेचा गोळा आणि भेंडीचं कालवण पुढ्यात ठेवलं. दोन घास खाऊन उठले. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. टेबल भिंतीपासून ओढून दाराजवळ आणलं, मग उजेड डोळ्यांवर यायला लागला म्हणून परत नेलं. केकेली हे सगळं बघत होता. शेवटी म्हणाला, "सेफा, एक तर लिहायला बस, नाही तर आडवी हो. तुझ्या येरझाऱ्यांनी फरशी झिजायची." आता माझा हा नवरा शेजारी सोंगट्या खेळायला गेलाय. मुद्दाम गेलाय, मला एकटीला सोडून. त्याला सगळं ठाऊक आहे, गेल्या आठवड्यापासून. तुझ्याआधी त्याला कळलं याचीही तुझ्याकडे माफी मागायला हवी, पण या पत्रात माफ्यांची रांगच लागणार आहे, तेव्हा ती मागे उभी राहू दे.

तुझ्या शाळेचं कसं चाललंय ते विचारत नाही. मला माहीत आहे कसं चाललंय. माझं म्हणशील तर कामं आहेत. परवा इथल्याच एका मुलींच्या शाळेची वेबसाइट करत होते. मुख्याध्यापिकाबाईंना हेडरमध्ये शाळेचा लोगो एवढा मोठा हवा होता की फोनवर उघडलं तर पडदाभर लोगोच, शाळा कुठे दिसायचीच नाही. मी त्यांना समजावत होते की हेडर म्हणजे पानाच्या माथ्यावरची पट्टी, दुकानाच्या पाटीसारखी. तिथला लोगो ओळख पटण्यापुरता असावा. 'ओळख पटण्यापुरता' म्हणाले आणि लॅपटॉपच मिटला. हल्ली असंच होतं. कुणी लोगोची फाईल पाठवली की मी ती उघडायचं दिवसभर टाळते. कारण तुला माहीत नाही. तेच सांगायला बसलेय. पण मला तिथपर्यंत सरळ चालत जाता येत नाहीये, तेव्हा थोडं सोसून घे.

आकू आंटीने त्या बगळ्याला चप्पल फेकून मारली होती, तो दिवस तुला आठवत असेलच. मी पॉलिटेक्निकमधून नुकती बाहेर पडले होते आणि मला काम द्यायला कुणी तयार नव्हतं. डोत्से साहेब पहिले. सरोवरावर त्यांच्या चार बोटी होत्या, त्यांना वेबसाइट हवी होती आणि लोगोत सिंह हवा होता. मी म्हटलं, साहेब, पाण्यावर सिंह कुणी पाहिलाय? ते हसले आणि म्हणाले, मग काय दिसतं ते तूच बघून ये, मॅडम. मला तोवर आयुष्यात कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. तर बघायला म्हणून मी तुझ्या आईच्या अंगणात येऊन बसले. आंटी मासळी वाळत घालत होती आणि तो बगळा एकेक मासा उचलून गिळत होता. आंटी त्याला शिव्या घालत होती आणि तो मान वाकडी करून ऐकत होता, जसं काही त्याचं कौतुकच चाललंय. मग चप्पल आली आणि तो उडाला. पंख नुकते उघडलेत, पाय अजून जमिनीला टेकलेले आहेत, असा तो मी वहीत धरला.

पहिल्यांदा तो हेडरमध्ये बसवला तेव्हा मी किती कच्ची होते बघ, पांढऱ्या पट्टीवर पांढरा पक्षी. लॅपटॉप तुमच्या ओट्यावर ठेवून आंटीला दाखवला. तिने डोळे बारीक केले, मान पुढे काढली आणि म्हणाली, "पाखरू कुठाय? धुळीत गेलं का हरमॅटन वाऱ्याच्या?" तू हसून हसून जमिनीवर बसलीस. मग मी पट्टी गडद निळी केली, पक्ष्याच्या मागची चौकट काढून टाकली, त्याला डावीकडे सरकवलं, शेजारी डोत्से ब्रदर्स बोट सर्व्हिस अशी अक्षरं ठेवली. आंटीने अक्षरांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने कौतुकाने बगळ्यावर बोट टेकवलं आणि पान एकदम बदललं, तशी दचकून हात मागे घेतला. मी सांगितलं, आंटी, हे दार आहे. आत कुठेही असलीस तरी यावर बोट ठेवलंस की पहिल्या पानावर, म्हणजे घरी. मग तिने ते दहा वेळा करून पाहिलं. कुठेतरी आत जायची आणि घरी यायची.

पुढे रंगाऱ्याने तोच बगळा बोटींच्या नाकावर काढला. तेव्हापासून आंटी बाजारातल्या बायकांना सांगायची, "अक्षरं मला येत नाहीत, पण ते पाखरू मला येतं. आमच्या सेफाने काढलंय." बाजाराच्या दिवशी यामचे कंद आणायला ती पलीकडच्या काठावर जायची तेव्हा दुसऱ्या कुणाच्या बोटीत पाय ठेवायची नाही. मला याचा किती गर्व होता ते तुला कधी बोलून दाखवलं नाही. इथल्या लोकांना मी माझी कामं दाखवायचे तेव्हा मोठमोठ्या हॉटेलांची दाखवायचे, पण मनात पहिला नंबर त्या बगळ्याचाच असायचा.

जानेवारीतल्या त्या सकाळीबद्दल मी तुला काही नवं सांगू शकत नाही. धूळ इतकी की समोरचा काठ दिसत नव्हता. बोटीत माणसं आणि कंद काठोकाठ भरलेले, अंगावर घालायची जाकिटं धक्क्यावरच्या खोलीत कुलपात, आणि पाण्याखाली तो खुंट, धरण झालं तेव्हा बुडालेल्या रानातला. बोट उलटली, चौदा माणसं गेली. आंटीच्या अंत्यविधीच्या शनिवारी तू मला चर्चच्या मागे नेलंस आणि सांगितलंस की त्या सकाळी पलीकडच्या धक्क्याला दोन बोटी लागल्या होत्या. पहिली अर्धी रिकामी होती. बायकांनी आंटीला हाका मारल्या, चल गं, जागा आहे. ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी माझ्या पाखरातून येते. हे सांगताना तू माझ्या गळ्यात पडून रडत होतीस. तुझ्या मनात माझ्याविषयी काही नव्हतं, मला ठाऊक आहे. तू तुझ्या आईचा हट्ट सांगत होतीस. पण मी त्या शनिवारपासून एका जागी नीट बसलेली नाही. केकेली त्याला येरझाऱ्या म्हणतो.

आता पुढचं. एप्रिलमध्ये डोत्से साहेब माझ्या कामाच्या खोलीत आले. वाळले होते, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. पंख्याखाली बसले आणि म्हणाले, "फक्त डोकं बदलायचंय, पोरी. अंग तेच राहू दे." हेडरला ते डोकं म्हणतात. त्यांनी अक्रातल्या कुणाकडून तरी नवा लोगो करून आणला होता, गोलात उगवता सूर्य, आणि नवं नाव, सनरोड लेक ट्रान्सपोर्ट. होय, यायरा. ती वेबसाइट मी बदलली. अक्रातल्या कुणी नाही. मी.

ते म्हणाले की चाळीस घरं या बोटींवर जगतात, बगळा दिसला की लोक धक्क्यावरून माघारी फिरतात, ती घरं उपाशी मारायचीत का तुला? मी स्वतःची समजूत घातली की मलाही तो बगळा बघवत नाही, तेव्हा दुसऱ्या कुणी काढण्यापेक्षा माझ्या हाताने निघालेला बरा. हे अगदीच खोटं नाही. पण खरं कारण याहून साधं आहे. ज्या माणसाने मला पहिल्यांदा मॅडम म्हटलं त्याला नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही. आंटीच्या शवपेटीमागून चालत जाऊन तीन महिनेही झाले नव्हते आणि मी त्यांना म्हटलं, ठेवून जा, उद्यापर्यंत करते.

काम कसं केलं तेही सांगते, कारण पुढे त्याचाच संबंध आहे. सूर्याच्या मागे पांढरा चौकोन होता, निळ्या पट्टीवर तो कागद चिकटवल्यासारखा दिसायचा. तो काढून टाकला. फोनवर सूर्य इतका उंच होत होता की खालचं वेळापत्रक ढकललं जायचं. त्याची उंची निम्म्यावर आणली. पानाच्या नावाशेजारी चिमुकलं चिन्ह दिसतं तेही बदललं. आणि लोगो प्रत्येक पानावर जाऊन बदलायला नको म्हणून मी सोपी वाट धरली. जुन्या चित्राच्या जागी, जुन्या चित्राच्याच नावाने, नवं चित्र ठेवून दिलं. एका दमात सगळ्या पानांवरून बगळा गेला. बाकी फोन नंबर तेच, सुटायच्या वेळा त्याच, धक्क्यांची नावं तीच. आणि लाज वाटते गं लिहायला, पण सूर्य पट्टीत बरोबर मधोमध बसला तेव्हा मला बरं वाटलं. काम नीट झालं याचं समाधान वाटलं. आंटी त्यात कुठेच आठवली नाही. ती आठवली दुसऱ्या दिवशी, दात घासताना.

तोवर बोटींवरचा बगळाही रंगाखाली गेला होता. मे महिन्यात तू फोन केलास. चौकशी समिती बसली होती आणि समितीसमोर सांगितलं गेलं होतं की डोत्से ब्रदर्स बंद झाली, तिच्याजवळ आता ना बोट ना माणूस; आणि सनरोड वेगळ्याच लोकांची, तिचा या अपघाताशी काही संबंध नाही. म्हणजे चौदा माणसांचा जाब विचारायचा तर समोर कुणीच उभं नाही. तू सगळ्या घरांच्या वतीने धावपळ करत होतीस. तू सहज विचारलंस, त्यांची वेबसाइट तूच बघायचीस ना? मी म्हटलं, छे गं, ते काम कधीच सोडलं, आता अक्रातलं कुणीतरी बघतं. इतकं पटकन म्हटलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. मग मी तुला विचारलं, जेवलीस का?

जुलैत शाळेला सुट्टी लागल्यावर तू पलीकडच्या धक्क्यावर गेली होतीस, आंटीला सहा महिने झाले म्हणून प्रार्थना करायला. तिथलं नेटवर्क आपल्याला माहीतच आहे. परतीच्या बोटीची वेळ बघायला तू सनरोडची वेबसाइट उघडलीस. पट्टी आली, वेळापत्रक आलं, पण सूर्य काही उतरेना. आणि सूर्याच्या जागी बारीक अक्षरांत एक ओळ आली: डोत्से ब्रदर्स बोट सर्व्हिस, उडणारा पांढरा बगळा. तू फोनचा फोटो काढून मला पाठवलास आणि खाली लिहिलंस, सेफा, हे काय आहे ते सांग, तुला यातलं कळतं.

मला कळत होतंच. प्रत्येक चित्राच्या मागे एक ओळ लिहून ठेवायची असते. एरवी ती दिसत नाही. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याचा फोन ती वाचून दाखवतो, आणि चित्र उतरलंच नाही तर त्याच्या जागी ती दिसते. आठ वर्षांपूर्वी ती मीच लिहिली होती. एप्रिलमध्ये चित्र बदललं, मागची ओळ तशीच राहिली. मी तुला एवढंच उत्तर दिलं की ही जुन्या लोगोची ओळ आहे, म्हणजे नवी वेबसाइट नवी नाही, जुन्याच घराला नवी पाटी लावली आहे. तू विचारलंस, हे कुणी केलं असेल? मी लिहिलं, काय माहीत. थोड्या वेळाने तुझा मेसेज आला, तो मी काढून टाकलेला नाही: "ज्याने कुणी ती ओळ मागे ठेवली त्याचं देव भलं करो. असं चुकून राहत नाही. त्याला कुणाची तरी आठवण असणार." मी फोन उपडा ठेवला.

तू तो फोटो सगळ्या घरांच्या वकीलबाईंना दिलास आणि दोनच दिवसांत डोत्से साहेबांनी मला आवाजी निरोप पाठवला. चिडले नव्हते, उलट थकल्यासारखे वाटले. म्हणाले, "चित्रामागे काहीतरी राहिलंय म्हणे. आज काढून टाक." मी फाईल उघडली. ओळ समोर होती. मी बाहेर जाऊन पाणी प्यायले, शेजारच्या शिंपिणीशी तिच्या गुडघेदुखीबद्दल बोलले, परत येऊन खुर्चीवर बसले आणि ओळ पुसली. तू म्हणशील, का? मला माहीत नाही. एप्रिलला हो म्हटलं होतं, मग जुलैत नाही म्हणायचं तर एप्रिलचंही सांगावं लागलं असतं. बहुतेक एवढंच. तुझ्या हातात फोटो तर आहे, असंही मी स्वतःला सांगितलं.

पण तो फोटोच त्यांनी तुझ्यावर उलटवला. सप्टेंबरात त्यांच्या वकिलाने लिहून दिलं की वेबसाइटवर अशी ओळ कुठेही नाही, कधी नव्हती, आणि फोटो यायराबाईंनी घरी बसून तयार केलाय. तुझ्या मुख्याध्यापकांनी तुला चौकशी संपेपर्यंत वर्गावर न येण्याची विनंती केली. विनंती, असा शब्द त्यांनी वापरला हे तू मला दोनदा सांगितलंस. त्यानंतर एका संध्याकाळी तुझा मेसेज आला. लोक मला खोटारडी म्हणतायत, सेफा. आता मलाच वाटायला लागलंय. मी ते खरंच पाहिलं ना गं? मी उत्तर दिलं, पाहिलंस. नक्की पाहिलंस. आणि तू मला विचारलं नाहीस की तुला कसं माहीत. यायरा, त्या न विचारण्याने माझे हाल केले. विचारलं असतंस तर मी पुन्हा खोटं बोलले असते, मला माझी खात्री आहे. पण तू विश्वास ठेवून मोकळी झालीस.

मी केलेल्या प्रत्येक कामाची प्रत ठेवते, ही माझी जुनी सवय. एप्रिलची प्रत होती, तारखेसकट, नव्या सूर्यामागे जुनी ओळ असलेली. जुलैची होती, ओळ पुसलेली. साहेबांचा जुलैतला आवाजी निरोपही फोनमध्ये होता. हे सगळं पुसून टाकायचं मी दोनदा ठरवलं. एकदा तर हात तिथे नेलाही, तेवढ्यात लाईट गेली, आणि मी देवाने थांबवलं असं म्हणणार होते. पण लाईट आल्यावर पुन्हा बसले ती मीच आणि पुसलं नाही तीही मीच, तेव्हा देवाला यात ओढत नाही. त्या दिवशी केकेलीला सांगितलं. तो ऐकून घेऊन एवढंच म्हणाला की आपल्या लग्नात आकू आंटी सगळ्यात जास्त नाचली होती. मग परवा, शुक्रवारी, मी प्रती आणि फोन घेऊन तुमच्या वकीलबाईंकडे गेले.

काल डोत्से साहेब आले. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे, हे गाव तसं लहानच. त्याच पंख्याखाली बसले. म्हणाले, "तुझंही नाव येईल त्यात. उद्या तुला काम कोण देईल?"

मी म्हटलं, "येऊ द्या नाव."

"पहिलं काम तुला मी दिलं, सेफाकोर."

"आणि त्या पाखराकडे बघून ती तुमच्या बोटीत बसली, साहेब. पहिली बोट सोडून."

"कोण?"

त्यांनी खरंच विचारलं. टाळाटाळ नव्हती त्यात. मी आंटीचं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, बाजारात ती कुठे बसायची ते सांगितलं. ते ऐकत होते. मग टोपी हातात घेऊन उठले. गाडीकडे जाताना त्यांचा पाय चुकला, मी धरायला पुढे झाले आणि मग थांबले. ते पडले नाहीत. मी काय करायला हवं होतं हे मला अजून कळत नाही. सकाळी चर्चमध्येही मी तेच घोळवत उभी होते.

आता हे पत्र कशासाठी, ते. वकीलबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, यायराला माहीत आहे? मी मान हलवली, नाही. त्या म्हणाल्या, येत्या गुरुवारी समितीसमोर तुमचं नाव पुकारतील तेव्हा यायरा पुढच्याच बाकावर असेल. तिथे कळायला नको. म्हणून हे आजच लिहिलं. पण आणखी एक गोष्ट आहे जी मी त्यांनाही सांगितलेली नाही आणि गुरुवारी सांगणार आहे, ती तुझ्या कानावर आधी पडायला हवी. तू मला म्हणाली होतीस की ती ओळ मागे ठेवणाऱ्यासाठी तू रोज प्रार्थना करतेस. करू नकोस. ती ओळ मी धीर करून ठेवली नव्हती, आंटीच्या आठवणीने ठेवली नव्हती. मी विसरले होते, बस. आठवली असती तर एप्रिलमध्येच पुसली असती, आणि आठवण करून दिल्यावर पुसलीच. गुरुवारी माझं नाव ऐकून तू उठून बाहेर गेलीस तरी मी बोलणार आहे, शेवटपर्यंत. पण जमलं तर जाऊ नकोस. माझ्याकडे बघायची गरज नाही. समितीकडे बघ, ज्यांच्यासमोर तुला खोटी ठरवलं, त्यांचे चेहरे बदलताना तुला दिसायला हवेत. खाली 'तुझीच' लिहायला माझा हात होत नाहीये. त्याची जागा मोकळी सोडते. गुरुवारनंतर कधी वाटलं, तर तूच लिही.

सेफाकोर